वर्गात 216, घरात 540 : कोल्हापुरातल्या एका घराचं आणि शाळेचं प्रकरण

प्रकरण सहावीतल्या एका पोराचं आहे. शाळा महापालिकेची, कोल्हापुरातलीच, नाव लिहीत नाही. पोराचंही नाव लिहीत नाही आणि घर ओळखू येऊ नये म्हणून दोन-चार तपशील आणि हिशोबातले दर बदललेत, चूक मात्र जशीच्या तशी ठेवलीय कारण सगळा मुद्दाच त्या चुकीत आहे. मी साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शिक्षकांना शिकवण्यात मदत करणारा माणूस म्हणून, त्या शाळेत जाऊन-येऊन असतो, वर्ग माझा नाही. जे काय केलं ते वर्गशिक्षिका मॅडमनी आणि त्या पोराच्या आईनं केलं, मी बघितलं, मधेमधे तोंड घातलं, आणि आता लिहून काढतोय कारण "पालकच लक्ष देत नाहीत ओ" हे वाक्य कुठल्या ना कुठल्या स्टाफरूममध्ये कानावर पडतंच.

शाळेच्या बाजूनं चित्र एकदम क्लिअर होतं. पोरगं गणितात कच्चं, दोन अंकी गुणाकार आला की पेन खाली ठेवून बसतंय. गृहपाठ आठवड्यातनं एखादा दिवस. जून-जुलैमध्ये बऱ्यापैकी असलेली हजेरी गणपती झाले की घसरायला लागते ती दिवाळीपर्यंत घसरतच जाते. पालकसभेला घरातलं कुणी येत नाही, निरोप पाठवला तर "येते" म्हणून सांगतात आणि येत नाहीत. मागच्या वर्षीच्या प्रगती पत्रकावर शेरा होता "पालकांचे सहकार्य अपेक्षित" आणि त्याच्याच खाली आईची सही. म्हणजे सहकार्य करत नाही या शेऱ्यावर सही करण्यापुरतं सहकार्य मिळालेलं होतं.

घर सुभाषनगरातलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, कोल्हापुरी चप्पल तुम्ही चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत घेता पण ती तयार होते असल्या वस्त्यांतनं, घराच्या पडवीत, आणि त्यात कातडं कापायचं, तळ शिवायचं काम बहुतेक पुरुषांचं आणि पट्ट्यावरची नाजूक वेणी घालायचं काम बायकांचं. 2019 ला या चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 ला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसलीच चप्पल दिसली म्हणून देशभर गाजावाजा झाला, टीव्हीवाले येऊन गेले. या घरातल्या वेणीचा दर त्यानं एक रुपयानं हलला नाही. आई वेण्या घालते, जोडावर पैसे. वडील आधी याच धंद्यात होते, आता शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, बहुतेक वेळा सेकंड शिफ्ट. घरात आजी, पोरगं, आणि एक धाकटी बहीण.

मॅडमनी पहिलं काम केलं ते म्हणजे पोराला किंवा आईला बोलवायच्या आधी जुनी हजेरीपत्रकं काढून बसल्या. पाचवीचं, चौथीचं, शेजारी शेजारी ठेवून. गैरहजेरी म्हणजे आपल्याकडं नुसता महिन्याच्या शेवटी टाकायचा आकडा असतो, कुठल्या तारखा ते कोण बघतंय. बघितल्यावर दिसलं की हे पोरगं आळशीपणानं कधीही दांडी मारत नाही, त्याची दांडी धंद्याच्या कॅलेंडरवर चालते. पावसात कातडी चप्पल कोण घालणार, म्हणून पावसाळ्यात काम मंदा, तेव्हा हजेरी चांगली. मग नवरात्रात अंबाबाईला बाहेरगावची गर्दी, त्याच्या मागोमाग दिवाळी, पुढं लग्नसराई, व्यापाऱ्याचा माल आधी तयार पाहिजे, तेव्हा पोरगं गायब. आणि आपलं पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्र परीक्षा, कधी येतं? बरोबर त्याच टायमाला. पोरगं शाळेत सगळ्यात कमी असतं तेव्हा आपण त्याला सगळ्यात जास्त मोजतो, आणि मग कागदावर येतं "प्रगती असमाधानकारक".

गृहपाठाचं कोडं त्याहून सोपं निघालं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला आणि लॉकडाऊन संपलं तरी गृहपाठाचा फोटो ग्रुपवर टाकायची सवय राहून गेली, शाळा सुटल्यावर साडेपाचच्या आसपास फोटो पडतो. या घरात स्मार्टफोन एक, तो वडिलांकडं. साडेपाचला वडील भट्टीजवळ, फोन लॉकरमध्ये. रात्री बाराच्या पुढं फोन घरी येतो तेव्हा पोरगं झोपलेलं, सकाळी पोरगं आवरून निघतं तेव्हा वडील झोपलेले आणि फोन त्यांच्या उशाखाली. ग्रुपवर दोन निळ्या टिका पडलेल्या असतात म्हणजे "बघूनसुद्धा करत नाही". वर्गातल्या अजून कितीतरी पोरांचं हेच होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवला आणि गृहपाठ शेवटच्या तासाला फळ्यावर लिहून पोरांना वहीत उतरवून घ्यायला लावला. एवढंच. यासाठी कुठलं प्रशिक्षण लागत नाही, जीआर लागत नाही.

मग घरभेट. इथं जरा थांबतो कारण खरं प्रकरण इथनं सुरू होतं.

आईचा पहिला प्रश्न, दारात उभ्याउभ्याच : "काय केलं ह्यानं?" शाळेतलं माणूस घरी आलं म्हणजे पोरानं काहीतरी उचापत केली असणार हे तिनं धरूनच ठेवलेलं. आणि तिचं काय चुकत नव्हतं, आधीच्या एका वर्गात तिला पालकसभेत सगळ्यांसमोर उभं करून सुनावलेलं होतं, तेव्हापासून तिनं सभेला यायचं सोडलेलं, हे आम्हाला बऱ्याच नंतर कळलं. मॅडम म्हणाल्या, काही केलं नाही ओ ताई, मी विचारायला आलेय, हा घरी असताना काय काय करतो? यावर आई एकदम गप्प. तिला वाटलं पोराला कामाला लावता म्हणून केस करायला आलेत. शेवटी आजीच बोलली आतनं, "हिशोब लिवतंय की सगळा. आमास्नी कुठं येतंय ते."

हिशोबाची वही म्हणजे दोनशे पानी, पुठ्ठा निघालेला, सुतळीनं बांधलेली. सगळं अक्षर पोराचं. तारीख, वेणीचा रंग, किती जोड आले, किती दिले, बाकी किती, दर, व्यापाऱ्याकडनं घेतलेली उचल, देणं-येणं. खाडाखोड जवळजवळ नाही. मॅडमनी एक ओळ वाचली, 36 जोड, दर 15, पुढं 540, उचल 200, येणं 340. विचारलं हे 540 कसं काढलं रे? पोरगं खाली बघत म्हणालं, "छत्तीस धाय तीनशे साठ, त्याचं निम्मं एकशे ऐंशी, मिळून पाचशे चाळीस." आजी लिहिता-वाचता न येणारी, पण जोड ती कोडीनं मोजते, वीस म्हणजे एक कोडी, त्यामुळं छत्तीस म्हणजे तिच्या भाषेत एक कोडी नि सोळा, आणि पोरानं वहीत लिहिलेला आकडा ती तसा ताडून बघते. म्हणजे घरात चेकिंगची सोयसुद्धा होती.

आता याच पोराची शाळेतली वही. 36 गुणिले 15, उभी मांडणी. पाचानं गुणून 180, बरोबर. एकानं गुणून 36, तेही बरोबर. पण ते 36 एक घर डावीकडं सरकवायचं सोडून सरळ 180 च्या खाली, बेरीज 216. लाल शाईत फुली. पुढच्या गणितात तसंच. त्याला "एकानं गुणलं" म्हणजे खरं तर दहानं गुणलंय हे त्या मांडणीत दिसतच नव्हतं, आणि घरी तर तो सुरुवातच दहापासून करत होता!

ही काही एकट्या कोल्हापूरची गोष्ट नाही. 2025 ला नेचर या विज्ञानपत्रिकेत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या पोरांवर. बाजारात अवघड हिशोब तोंडी बिनचूक करणारी पोरं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या साध्या गणितात अडकत होती, आणि नुसती शाळेत जाणारी पोरं बाजारातल्या हिशोबात अडकत होती. दोन्हीकडचं गणित एकमेकांकडं आपोआप जात नाही. मधे कुणीतरी पूल बांधायला लागतो, आणि तो पूल एकट्या शाळेला बांधता येत नाही कारण घरी कुठलं गणित चालतं ते शाळेला माहीतच नसतं.

मॅडम खूश. म्हणाल्या, वही उद्या वर्गात नेऊ का, सगळ्या पोरांना दाखवते. आणि आईनं सपशेल नाही म्हटलं.

मला हा नकार या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो. तिची कारणं दोन. एक, वहीत दर आहेत. व्यापारी प्रत्येक घराला वेगळा दर देतो, कुणाची वेणी बारीक, कुणाची जाड, आणि दर बाहेर गेला तर शेजारणीशी वाजतं आणि व्यापारीही काम बंद करतो. दुसरं कारण तिनं जरा वेळानं, पोराला दुकानात पाठवून मग सांगितलं : वर्गात पोरं त्याला पायताणवाला म्हणून चिडवतात, त्यानं घरचा धंदा वर्गात सांगणंच सोडलंय, आणि तुम्ही आता सगळ्यांसमोर ती वही धरणार. आपण शाळावाले "अनुभवातून शिक्षण" म्हणून किती सहज असल्या गोष्टी वर्गात मांडतो, कुणाच्या घरचा कुठला धंदा म्हणजे कौतुक आणि कुठला म्हणजे टोमणा हे गावात कसं ठरतं ते काय मी इथं सांगायला नको.

मॅडमनी ऐकलं. वही नेली नाही, चपलेचं नाव काढलं नाही. त्याऐवजी सगळ्या वर्गाला सांगितलं की प्रत्येकानं घरातला एक हिशोब आणायचा, दर लिहायचा नाही, वाटेल तो आकडा धरायचा, फक्त घरातलं माणूस तो हिशोब तोंडानं कसं करतं ते शब्दाला शब्द लिहून आणायचं. कल्पना भारी, पण दुसऱ्याच दिवशी दोन आया शाळेच्या गेटवर. शाळा उत्पन्न विचारायला लागलीय, आता रेशनकार्ड कट होणार, अशी बातमी वस्तीत फिरलेली. हे निस्तरलं ते शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी, ते स्वतः रिक्षा चालवतात, त्यांनी संध्याकाळी गल्लीत फिरून सांगितलं आणि सगळ्यात आधी आपल्या पोरीकडनं रिक्षाचाच हिशोब लिहून पाठवला. शिक्षकानं दहा वेळा सांगून जे झालं नसतं ते एका पालकानं एकदा सांगून झालं.

मग वह्या यायला लागल्या. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, जिथं गिऱ्हाईकासमोर धार काढून दूध विकतात, तिथं म्हशी नेणाऱ्या घरातली एक पोरगी आहे, तिनं लिटरचा हिशोब आणला, तिचे आजोबा पावपट-दीडपट असं करत तोंडी भाव काढतात. एकाच्या घरी गुळाचा धंदा, तीस किलोच्या रव्याचा म्हणजे गुळाच्या ढेपेचा हिशोब, तीसनं गुणायचं म्हणजे तिप्पट करून शून्य. भाजीवालीच्या पोरानं उरलेली मेथी किती तोट्यात गेली ते आणलं. आणि आपलं पोरगं, त्यानं आणलं "छत्तीस धाय तीनशे साठ, त्याचं निम्मं", कशाचे छत्तीस ते लिहिलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. मॅडमनी फळ्यावर एका बाजूला ते मांडलं आणि दुसऱ्या बाजूला उभी मांडणी, दहाची ओळ वेगळ्या रंगात. मग 216 लिहून विचारलं की छत्तीस नग पंधरा रुपयांनी दिले आणि समोरच्यानं 216 दिले तर घ्याल का? पोरगं पटकन म्हणालं, "मग लुटलंच की त्यानं!" वर्ग हसला, तोही हसला. उभी मांडणी का सरकवतात हे त्याला त्या तासाला समजलं असं मी म्हणणार नाही, समजायला पुढचे बरेच दिवस गेले, पण पेन खाली ठेवून बसणं तिथं थांबलं.

आता कामाचा विषय. हा टाळून चालत नाही. बालकामगार कायद्यात 2016 ची दुरुस्ती झाल्यापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात मदत करता येते ती फक्त शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याचं काम नसेल तरच. मॅडमनी आईला हे धमकी म्हणून सांगितलं नाही पण सांगितलं मात्र स्पष्ट. आईनंही तिची बाजू स्पष्ट मांडली की ऑर्डरीच्या दिवसांत माल आणा-पोहोचवायला आणि हिशोब धरायला माणूस नाही, नवरा शिफ्टला, सासूला चालवत नाही. बोलून बोलून ठरलं ते असं : शाळेच्या वेळेत काम नाही, रापी-आरी या कातडं कापायच्या-टोचायच्या हत्यारांना आणि चिकटवायच्या सोल्युशनला पोरानं हात लावायचा नाही, हिशोब लिहायचा तो संध्याकाळी, माल पोहोचवायला शेजारच्या घराबरोबर मिळून कॉलेजातल्या एका पोराला दोन पैसे देऊन लावायचं. आणि शाळेनं काय करायचं? नवरात्र ते दिवाळीच्या काळात त्याचा काही भाग बुडला तर तो आधी सांगेल, चिठ्ठी देईल, आणि मॅडम तेवढं दिवाळीनंतर भरून घेतील, चाचणी राहिली तर नंतर घेतील, शेरा न मारता. हा शेवटचा मुद्दा आईनंच घातला.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिलीत, त्यात पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती याची माहिती पालकांना द्यायची असं आहे. द्यायची. पालकांकडनं माहिती घ्यायची असं तिथं कुठं लिहिलेलं नाही, आणि आपल्या सभा तशाच होतात, माईक एका बाजूला. व्यवस्थापन समितीचं कलम 21 त्या मानानं बरंच पुढचं आहे, पाऊण सदस्य पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत. कागदावर हे सगळीकडं असतं. किती ठिकाणी इतिवृत्ताची वही घरोघर सहीला फिरते ते शाळावाल्यांना विचारा, म्हणजे विचारू नका.

या शाळेत समितीपुढं विषय निघाला तो सभेच्या वेळेचा. शनिवारी सकाळी साडेअकराला सभा, त्या वेळी फौंड्रीवाला, रिक्षावाला, भाजीवाली, वेणीवाली यातलं कोण मोकळं असतं? पण स्टाफचंही खोटं नव्हतं, निम्म्या मॅडम इचलकरंजी-जयसिंगपूरहून अप-डाऊन करणाऱ्या, संध्याकाळी थांबायचं म्हटलं की घरी पोचायला नऊ. थोडी वादावादी झाली, मग सत्रातनं एकदा संध्याकाळी, वस्तीतल्याच एका तरुण मंडळाच्या हॉलमध्ये असं ठरलं, बाकीच्या सभा आहेत तशा. भाषण नाही, सत्कार नाही, नारळ नाही. प्रत्येक पालकानं पोराची वही घेऊन मॅडमजवळ बसायचं, पाच-दहा मिनिटं, आणि कुणाचंही काही सगळ्यांसमोर बोलायचं नाही. गर्दी झाली. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात अशा बातम्या आपण वाचतोच, म्हणजे महापालिकेच्या शाळेतल्या पालकाला फिकीर नसते हे मुळातच खरं नव्हतं.

कोल्हापुरात शिक्षणावर बोलायचं आणि शाहू महाराजांचं नाव घ्यायचं नाही असं होत नाही, तर घेतो. 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळात तो लागणारच होता, त्यानं पोरं शाळेत आली. आपण मात्र शंभर वर्षांनंतरही पालकाशी दंड वसूल करणाऱ्याच्याच सुरात बोलतोय आणि दंडाची पावती म्हणजे ते शेरे.

काय झालं नाही तेही लिहितो. वडील शाळेत अजून आलेले नाहीत, हॉलवरच्या सभेला एकदा आले, दारात उभं राहून बघून गेले, त्यांच्या सुट्टीचा वार आणि सभेचा वार जुळवायचं अजून जमलेलं नाही. भागाकार अजून लंगडाच आहे. इंग्रजीत काडीचा फरक नाही आणि त्यात घराकडनं काय घेता येईल हे मॅडमना सुचलेलं नाही, मलाही नाही. दुसऱ्या तुकडीच्या सरांना हे सगळं फालतू लाड वाटतात, त्यांचा ग्रुपवरचा फोटो साडेपाचला पडतोच. चिडवणं कमी झालं असं पोरगं म्हणतं, बंद झालं असं म्हणत नाही.

झालं ते असं की यंदाच्या नवरात्रात गैरहजेरी राहिली पण पूर्वीपेक्षा बरीच कमी, आणि बहुतेक वेळा चिठ्ठी आधी आली, चिठ्ठी पोराच्याच अक्षरात आणि खाली आईची सही. मराठी वाचन सुधारलं, त्याचं श्रेय आजीला. मॅडमनी तिला एवढंच सांगितलं होतं की रोज याला एक पान मोठ्यानं वाचायला लावा आणि काय वाचलं ते विचारा. आजी विचारते, आणि पटलं नाही तर परत वाचायला लावते. दिवाळीनंतर घेतलेल्या चाचणीत गुणाकाराची सगळी गणितं बरोबर होती, एका ठिकाणी पोरानं समासात बारीक अक्षरात "धाय" लिहून मग मांडणी केली होती.

पुढची अडचण वेगळी आहे. ही शाळा सातवीपर्यंतच. आठवीला तो हायस्कूलला जाणार, तिथं विषयाला वेगळे शिक्षक, वर्गात साठ-सत्तर पोरं, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर या सगळ्यासाठी रकाना नाही. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, मिळाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये, आईनं ते कुठनं तरी ऐकलंय आणि हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर पोराकडनं लिहून घेतलंय. मॅडम हायस्कूलच्या शिक्षकांसाठी पोराबद्दल पानभर टिपण तयार करतायत, हजेरी कधी घसरते, का घसरते, गणित कसं करतो, घरी कुणाशी बोलायचं आणि किती वाजता. ते टिपण आईला वाचून दाखवूनच द्यायचं असं ठरलंय, त्यातली दोन वाक्यं तिनं आधीच काढायला लावलीत.